सात जणींच्या रांगेत आपला मसाला ओळखू यावा म्हणून

मडकईहून एका ताईंनी विचारले आहे: "मी घरगुती मसाले विकते. शाकुतीचा (कोंबडी-मटणाच्या रश्श्याचा), मासळीचा, सांबाराचा. आमच्याच भागात आणखी सहा-सात जणी हेच करतात. सगळ्यांचे स्टेटस सारखे, फोटो सारखे, भावात दहा-वीस रुपयांचा फरक. मी दोनदा पैसे भरून इन्स्टाग्रामवर जाहिरात केली. लाइक आले, ऑर्डरी आल्या नाहीत. माझा धाकटा भाऊ भजनाला आणि नाट्यगीतांना हार्मोनियमची साथ करतो, त्याचेही हेच दुखणे आहे. बोलावणी ठरलेल्या दोघा-तिघांनाच जातात. एवढ्या गर्दीत आपण उठून दिसावे यासाठी काय करायचे?"

ताई, मी फोंड्यात २६ वर्षे हेच काम करतो आहे. सुरुवात दुकानांच्या पाट्या ब्रशने रंगवण्यापासून झाली, मग फ्लेक्स आले, आता लेबले, पत्रके आणि मोबाइलवरच्या जाहिराती. तुमचा प्रश्न घेऊन येणारे बहुतेक जण लेबल बदलून द्या म्हणून येतात. मी आधी त्यांना विचारतो: तुमचे जुने गिऱ्हाईक शेजारणीला तुमच्याबद्दल सांगते तेव्हा नेमके काय बोलते? उत्तर जवळजवळ नेहमी एकच असते. "चांगला आहे म्हणतात." चांगला तर त्या सातही जणींचा असणार. शेजारणीला "चांगला आहे" एवढेच कळले तर ती जो हाताशी येईल तो घेते.

गोव्यात या तोंडी सांगण्याला फार वजन आहे. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या राज्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती. फोंडा तालुक्यात दोन अनोळखी माणसे बोलायला लागली तर तिसऱ्या वाक्याला ओळखीचा कुणीतरी निघतोच. इथे तुमचे नाव एका स्वयंपाकघरातून दुसऱ्या स्वयंपाकघरात जाते, आणि जाताना त्याबरोबर एखादे वाक्य गेले तरच ते नाव टिकते. ते वाक्य कोणते, हे आधी शोधायचे. जाहिरात त्यानंतर.

हे मी एका चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी एकाच हंगामात मी तीन वेगवेगळ्या बायकांच्या मसाल्यांची लेबले केली. वेळ कमी होता, म्हणून तिघींनाही तोच विकत घेतलेला फोटो लावला: मातीच्या वाटीत लाल तिखट, बाजूला दोन सुक्या मिरच्या, मागे लाकडी फळी. अक्षरांचे रंग तेवढे बदलले. महिनाभराने बाजारातल्या एका किराणा दुकानात मी उभा होतो. एक वयस्क बाई फळीसमोर आली. तिने पहिले पाकीट उचलले, उलटून पाहिले, शिवणीपाशी नाक नेऊन वास घेतला, खाली ठेवले. दुसरे उचलले, तेच केले. मग तिसरे. शेवटी तिने दुकानदाराला विचारले, "फाटले फावट व्हेल्लो तो मसालो खंयचो?" (मागच्या वेळी नेला तो मसाला कुठला?) दुकानदारालाही सांगता येईना. मसाला आवडला म्हणून ती बाई परत आली होती आणि माझ्या लेबलामुळे तिला तो सापडत नव्हता. शेवटी तिने अंदाजाने एक उचलले. ते बरोबर होते की चुकीचे, हे मला आजवर कळलेले नाही. पण त्या दिवसापासून विकतचा फोटो मी कुणाच्याही लेबलावर लावलेला नाही.

आता तुम्ही काय करायचे ते सांगतो. जुन्या दहा गिऱ्हाइकांना फोन करा. मेसेज नको, फोनच. "मसाला कसा वाटला?" असे मात्र विचारू नका, कारण तोंडावर सगळे छानच म्हणतात. शेवटचे पाकीट कुठल्या दिवशी उघडले आणि कशासाठी, ते विचारा. संपल्यावर काय केलेत, वाट पाहिलीत की दुसरा आणलात? कुणाला दिलात का, आणि देताना काय म्हणालात? समोरची व्यक्ती बोलेल ते तिच्याच शब्दांत वहीत उतरवा. कोकणी बोलली तर कोकणीत. शुद्ध करायला जाऊ नका, कारण तेच शब्द पुढे लागणार आहेत.

सत्तरी तालुक्यातल्या एका बाईंकडून मी हे करून घेतले होते. त्या भिरंडाची सोलां, म्हणजे आमसुले, विकायच्या. पाकिटावर लिहिले होते "शुद्ध, नैसर्गिक, घरगुती". फोन केल्यावर चार वेगवेगळ्या घरांतून एकच गोष्ट कानावर आली: हिच्या सोलांत वाळू लागत नाही. सोलकढी केली तर तळाशी काही राहत नाही. त्या बाईंना त्यात सांगण्यासारखे काही वाटतच नव्हते. वाळवताना खाली स्वच्छ कापड घालायचे, नंतर दोनदा निवडायचे, हे त्यांच्या घरात आजीपासून चालत आलेले. आम्ही जुने तिन्ही शब्द काढले आणि मोठ्या अक्षरात एवढेच छापले: "दोनदा निवडलेली सोलां. वाळू लागली तर पैसे परत." शेजारणीला सांगण्यासारखे वाक्य तयार झाले. पुढच्या हंगामात दुकानदार स्वतःहून मागायला लागले.

तुमचे वाक्य हाती लागले की त्याला एक कस लावा. तेच वाक्य शेजारची मसालेवाली खोटे न बोलता आपल्या पाकिटावर लिहू शकते का? लिहू शकत असेल तर ते काढून टाका. "घरगुती" तिलाही लिहिता येते, "पारंपरिक चव"ही. "प्रत्येक जिन्नस वेगळा भाजलेला" हे मात्र सगळ्यांना लिहिता येणार नाही, कारण धने, खसखस, दगडफूल आणि मिरी एकाच कढईत एकदम टाकली की खसखस करपेपर्यंत धने कच्चेच राहतात, आणि वेगवेगळे भाजायला दुप्पट वेळ जातो. तुम्ही खरोखर तसे भाजत असाल तर तुमचे वाक्य तिथेच आहे. मी तुमच्या घरी आलेलो नाही, त्यामुळे ते ठरवणे तुमच्याकडे.

मिरचीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण गोव्यात मसालेवालीला सर्वांत मोठा आधार तिथे मिळू शकतो, आणि सर्वांत मोठी लबाडीही तिथेच होते. काणकोणातल्या खोल्याच्या मिरचीला आणि पेडण्यातल्या हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या मालाला लावण्याचा हक्क) मिळालेले आहे. खोल्याची मिरची डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होते, उन्हात वाळते, आणि तिचा रंग ज्याने पाहिला आहे तो विसरत नाही. गोव्यात हे मानांकन आधी फेणीला मिळाले, २००९ साली. २०२३ मध्ये मानकुराद आंबा आणि बेबिंका यांचीही त्यात भर पडली, त्यामुळे आता साध्या गिऱ्हाइकालाही हा शब्द ऐकून माहीत असतो. तुम्ही खोल्याची मिरची वापरत असाल तर तसे ठळक लिहा. किती वापरता तेही लिहा. अर्धी ब्याडगी आणि अर्धी खोल्याची असेल तर "अर्धी खोल्याची" असेच लिहा. ब्याडगी घालण्यात कमीपणा काहीच नाही, रंगासाठी तीच लागते. पण पाकिटावर खोला आणि आत निव्वळ ब्याडगी, हे आपल्या आजीबायांना पहिल्या फोडणीला कळते. आणि ती गोष्टही शेजारणीला सांगितली जाते.

मालात फरक सापडत नसेल तर वागण्यात शोधा. आपल्या पोदेराकडे, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याकडे, पाहा. उंडे, पोळी, काकणां सगळ्यांकडे तीच. पण आपला पोदेर कोण, हे वाड्यावरच्या लहान मुलालाही ठाऊक असते, कारण त्याचा भोंपू रोज त्याच वेळेला त्याच वळणावर वाजतो. पूर्वीचे पोदेर खुळखुळणारी काठी आपटत यायचे, आता सायकलीवर रबरी भोंपू आहे. आवाज ठरलेला, वेळ ठरलेली. पाच मिनिटे उशीर झाला तर बाया दारात येऊन उभ्या राहतात. तुमच्या मसाल्याला असा ठरलेला दिवस द्या. समजा बुधवारपर्यंत ऑर्डर घेतली, गुरुवारी भाजले-दळले, शनिवारी पोचवले. पाकिटावर दळल्याची तारीख हाताने, पेनाने लिहिलेली. छापील तारखेपेक्षा हाताने लिहिलेल्या तारखेवर लोकांची नजर जास्त थांबते, हे मी फळीसमोर उभा राहून पाहिले आहे. पण एकदा गुरुवार म्हटले की गुरुवारच. घरात लग्न असले तरी. जमणार नसेल तर आदल्या आठवड्यातच कळवा.

भाव पाडून पुढे जाता येईल असे वाटत असेल तर आधी कागद घ्या. समजा २०० ग्रॅमचे पाकीट तुम्ही १४० रुपयांना देता आणि तुमचा खर्च ९५ रुपये आहे. हातात राहतात ४५. शेजारणीला मागे टाकायला २० रुपये कमी केले तर राहतात २५. पूर्वी ४० पाकिटांत जे सुटत होते त्यासाठी आता ७२ पाकिटे भाजायची. भाजणारे हात तेच, कढई तीच. मग हळूहळू खसखस कमी होते, मिरीचा दर्जा उतरतो, आणि ज्या चवीमुळे चार घरे तुमच्याकडे आली ती चवच जाते. शेजारीण पुढच्या आठवड्यात आणखी दहा रुपये उतरवणार, ते वेगळेच. भाव थोडा चढा ठेवा आणि तो का चढा आहे ते एका ओळीत सांगा. ज्यांना परवडणार नाही त्यांच्यासाठी ५० ग्रॅमचे पाकीट काढा. मोठ्या पाकिटाचा भाव तसाच राहू द्या.

कधी बोलायचे हेही महत्त्वाचे. सगळ्या जणी चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी जाहिरात करतात, कारण तेव्हा लोक खरेदी करतात असे वाटते. पण श्रावणात आणि चवथीत आपल्या हिंदू घरांत मासळी-मटण बंद असते. तेव्हा शाकुतीच्या मसाल्याला कोण विचारणार? तुमचे दोन काळ वेगळे आहेत. एक पुरुमेंताचा, म्हणजे एप्रिल-मे. तेव्हा घरोघरी पावसाळ्याची बेगमी होते, मिरच्या, सोलां, सुकी मासळी, मीठ एकदमच भरले जाते. जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते, तेव्हा हीच बेगमी कामी येते. त्या सुमारास वर्षाचा किंवा सहा महिन्यांचा मसाला नोंदवून घ्या, थोडी रक्कम आगाऊ घ्या, त्यातून मिरची एकदम उचलता येईल. दुसरा काळ चवथीनंतरचा. गणपती पोचवून झाले की घरात पहिल्यांदा मासळी येते, त्याच्या आदल्या दिवशी तुमचा मेसेज पोचला पाहिजे. त्या आठवड्यात तुमच्याशिवाय कुणी बोलत नसेल.

मोबाइलबद्दल थोडक्यात. पैसे भरून केलेल्या जाहिरातीला लाइक आले आणि ऑर्डर आली नाही, याचे एक कारण असे असू शकते की ती जाहिरात शाकुती कधीच घरी न करणाऱ्या माणसांनी पाहिली. तुमच्या टप्प्यावर ते पैसे वाचवा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे, त्यात कॅटलॉग करता येतो. ब्रॉडकास्ट यादी करा, पण एक गोष्ट लक्षात ठेवा: त्या यादीतला मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचतो. म्हणून पहिले पाकीट देतानाच समोर उभे राहून नंबर सेव्ह करून घ्या, "मडकई मसाला" अशा नावाने. गूगलवर व्यवसायाची नोंदही फुकट होते. तिथे स्वतःच्या कढईचा, स्वतःच्या अंगणात वाळणाऱ्या मिरचीचा फोटो घाला. थोडा अंधुक असला तरी चालेल. नातेवाइकांकडून खोटे पाच तारे मात्र घेऊ नका. वीस जणांनी एकाच दिवशी "बेस्ट मसाला" लिहिले की वाचणाऱ्याला वास येतो.

लेबलावर कायद्याने लागते ते सगळे लिहाच, त्यात हेही येते: जिन्नस, निव्वळ वजन, तारीख, कधीपर्यंत वापरावे, तुमचा पत्ता, हिरवे चिन्ह आणि एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी नोंदणी क्रमांक. घरगुती धंद्यातल्या कितीतरी जणी ही नोंदणी करत नाहीत. तुमच्या पाकिटावर क्रमांक दिसला की दुकानदार पाकीट फळीवर ठेवायला कचरत नाही.

आणि हो, तुमचे जमले की शेजारची तुमचे लेबल उचलणार. रंग उचलेल, वाक्यही उचलेल. माझ्याकडे गिऱ्हाईक आपल्या प्रतिस्पर्ध्याचे पाकीट घेऊन येते आणि म्हणते, "असेच करून द्या." मी नाही म्हणतो. पण कुणीतरी करून देतोच. त्याचा त्रास करून घेऊ नका. वेगळे भाजायला लागणारा वेळ, पाळलेला गुरुवार आणि दहा घरांशी जुळलेले बोलणे तिला उचलता येणार नाही.

आता तुमच्या भावाबद्दल. कलेत हा प्रश्न जास्त अवघड वाटतो, कारण वाजवायचे तेच असते. पण आपल्याच मातीतले एक उदाहरण घ्या. गायिका केसरबाई केरकर आपल्या तालुक्यातल्या केरीच्या, जन्म १८९२ चा. मोगूबाई कुर्डीकर सांग्यातल्या कुर्डीच्या, जन्म १९०४ चा. दोघींचे गुरू अल्लादिया खाँसाहेब, दोघींचे घराणे तेच, गायलेले रागही कितीतरी तेच. तरीही जाणकार श्रोता दोघींत कधी गल्लत करत नाही. केसरबाईंचा भरदार, मोकळा आकार आणि मोगूबाईंची लयीवरची पकड या दोन वेगळ्या ओळखी आहेत, आणि दोन्ही वर्षानुवर्षांच्या रियाजातून आल्या. भावाने इतरांपेक्षा जास्त जलद वाजवून किंवा जास्त मोठा फोटो छापून ओळख करायला जाऊ नये. आपण कुणाला उपयोगी पडतो ते आधी ठरवावे.

फोंडा तालुक्यातले एक साथीदार माझ्या ओळखीचे आहेत. वादनात त्यांच्याहून तयार दोघे-तिघे सहज सापडतील, पण त्यांना श्वास घ्यायला सवड नसते. त्यांच्याकडे एक छोटी डायरी आहे. ज्या गायकाला एकदा साथ केली त्याचे नाव, पट्टी (पेटीच्या कुठल्या सुरावरून गातो ते) आणि एखादी बारीक नोंद त्यात असते. एकदा त्यांनी ती माझ्यासमोर उघडली. "काळी चार. अंतऱ्यात घाई करते, थोडे धरून ठेवणे." "पांढरी दोन. पहिल्या भजनात घाबरतो." दोन वर्षांनी त्याच गायिकेचा फोन आला की ते विचारतात, "तुमची काळी चार ना?" त्या बाईला किती बरे वाटत असेल, विचार करा. आपल्याकडे गावोगावी भजनी मेळ आहेत, जत्रेतली संगीत नाटके आहेत, कला अकादमीची भजन स्पर्धा आहे, शाळांच्या गायन स्पर्धा आहेत. स्पर्धेत पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या मुलाला सांभाळून घेणारा साथीदार म्हणून भावाचे नाव झाले तर त्या एका वर्षात त्याला पन्नास घरे ओळखतील. मुलाची आई ते नाव दुसऱ्या मुलाच्या आईला सांगते. त्याने कार्यक्रमाला अर्धा तास आधी पोचावे, तबलजीबरोबर सूर जुळवून घ्यावा, मुलाला एकदा हळू आवाजात गायला लावावे. नंतर गायकाची परवानगी घेऊन चाळीसेक सेकंदांची एक चित्रफीत टाकावी, ज्यात गायक पुढे आणि तो मागे दिसेल. साथीदाराला बोलावणारे हेच पाहतात की हा माणूस गायकाला झाकतो की उचलतो.

आधी दहा फोन करा. वहीत जे उतरेल त्यातली तुम्हाला सर्वांत साधी वाटणारी तीन वाक्ये मला जशीच्या तशी पाठवा, आणि सोबत कढईचा एक फोटो. तोवर नवीन लेबल छापू नका, जुनी संपवा. भावाला म्हणावे, आजवर ज्यांना साथ केली त्यांची नावे आणि पट्ट्या आजच लिहायला बस, आठवतील तेवढ्या.